पाण्याची वाट, आवाजाची वाट

आषाढ लागला की आमच्या इमारतीच्या जिन्यात एकच चौकशी चालते. "तुमच्याकडे आली का यंदा ओल?" ठाण्यात नौपाड्यातली, गोखले रोडपासून हाकेच्या अंतरावरची जुनी इमारत. वर्षाला २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस अंगावर घेते. त्यामुळे कुणाच्या ना कुणाच्या भिंतीवर डाग उमटतोच. आवाजाची चौकशी मात्र जिन्यात होत नाही. वरच्यांची खुर्ची, शेजारचा टीव्ही, रस्त्यावरचे हॉर्न, पहाटे सुरू होणारा पाण्याचा पंप, हे सगळं ज्याचं त्याने निमूट सोसायचं असतं. ओलीवरून माणसं भांडतात आणि आवाजावरून मनातल्या मनात कुढतात.

मी शाळेत विज्ञान शिकवते. बांधकामाचं शिक्षण नाही, पण स्वतःचं घर आहे, त्यावरचं कर्ज आताच कुठे फिटलंय, आणि सोबत आई राहते. गेली काही वर्षं घराच्या दुरुस्तीत मी मनापासून लक्ष घातलंय. त्यातून एक गोष्ट माझ्यापुरती पक्की झाली आहे. पाणी आणि आवाज ह्या दोन्ही तक्रारी जिथे जाणवतात तिथे जन्मलेल्या नसतात. त्या कुठून तरी वाट काढत आलेल्या असतात. ती वाट सापडण्याआधी खर्च केलेला पैसा बहुतेक वेळा वाया जातो.

आमचा गवंडी जालन्याकडचा आहे. कमी बोलतो, पण हे तो पहिल्याच दिवशी बोलला होता. "ताई, डाग दिसतो तिथं पाणी नसतंय. आधी ते कुठून येतंय ते काढू, मग छिन्नी लावू." त्याच्या आधी आलेल्या एका कंत्राटदाराने डाग पाहिल्या पाहिल्या आतून वॉटरप्रूफ कोट, त्यावर पुट्टी, त्यावर रंग असा भाव सांगितला होता. ओली भिंत आतून बंद केली तर पाणी आत कोंडतं, बाजूला सरकतं, आणि पुढच्या पावसाळ्यात रंगाचे पापुद्रे सुटून पांढरा क्षार बाहेर येतो. हे बाजारातल्या प्रत्येक रंगाऱ्याला माहीत असतं. तरी आतून रंग मारण्याचं काम सर्वांत जास्त विकलं जातं, कारण ते दोन दिवसांत होतं आणि लगेच छान दिसतं.

वीट पाणी ओढते. चहात खारीचं टोक बुडवलं तर चहा वर चढतो, तसं. शिवाय स्लॅबच्या पोटात विजेच्या वायरींसाठी टाकलेले पाइप असतात. वरून झिरपलेलं पाणी त्या पाइपात शिरलं की सुखरूप प्रवास करून भलत्याच खोलीत, पंख्याच्या हुकाशी किंवा दिव्याच्या पॉइंटशी ठिबकतं. (असं कधी दिसलं तर पहिलं काम त्या भागाचा एमसीबी, म्हणजे विजेच्या पेटीतला स्विच, खाली करण्याचं. बादली नंतर ठेवा.) म्हणून डागाच्या बरोबर वर काय आहे, एवढंच पाहून चालत नाही.

मग पाहायचं काय? सर्वांत आधी वेळ. आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी मी ओलीच्या नोंदी करत असे. पेन्सिलीने डागाची कड आखायची आणि तारीख टाकायची. पाऊस पडल्यावर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी डाग कडेबाहेर गेला तर पाणी बाहेरच्या भिंतीचं किंवा गच्चीचं. बाराही महिने, उन्हाळ्यातसुद्धा, डाग तसाच राहिला तर पाण्याची भरलेली लाइन कुठेतरी झिरपते आहे. वरच्या घरात आंघोळी झाल्यावर तो गडद होत असेल आणि ते गावाला गेले की सुकत असेल, तर सांडपाण्याची वाट, म्हणजे नहाणी ट्रॅप (फरशीतल्या जाळीखालचा, पाणी वाहून नेणारा भाग), त्याचा सांधा किंवा लाद्यांमधल्या फटी.

एक चौथी शक्यता लोक विसरतात. भिंतीतून पाणी येतच नसतं, खोलीतली दमट हवा गार भिंतीवर निवते. कपाटामागे आणि सतत एसी चालणाऱ्या खोलीला लागून असलेल्या भिंतीवर हे फार दिसतं. त्याची परीक्षा सोपी आहे. स्वयंपाकातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल वीतभर कापायची आणि चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवायची. एक-दोन दिवसांनी बघायचं. फॉइलच्या आपल्या बाजूला थेंब असतील तर दोष हवेचा. कपाट चार बोटं पुढे ओढा, खिडकी उघडत जा, काम झालं. थेंब भिंतीकडच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतच आहे. माझ्या आठवीच्या मुलांना मी हा प्रयोग घरी करायला देते. दोघा-तिघांच्या आईवडिलांचा रंगकामाचा खर्च त्यामुळे टळला आहे, आणि मला त्याचं फार समाधान आहे.

आमच्या पॅसेजच्या छतावरची ओल आंघोळीच्या वेळा पाळणारी निघाली. म्हणजे वरच्या काकूंचं न्हाणीघर. आता हे सांगायला वर जाणं हा दुरुस्तीतला सर्वांत अवघड भाग. बहुतेक घरांत इथेच वर्षं जातात. मी गवंड्याला बरोबर नेलं नाही. एकटी गेले, फोनवरचे तारखेचे फोटो नेले, आणि म्हटलं, "काकू, खरंच तुमच्याकडून येतंय की नाही हे मला अजून माहीत नाही. आपण दोघी मिळून बघायचं का?" त्या म्हणाल्या, "बघू या ना. माझ्याकडून येत असेल तर मलाही नकोच आहे ते."

परीक्षा अशी करतात. आधी एक रात्र न्हाणीघराकडे जाणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व बंद ठेवला. डागात फरक नाही. म्हणजे भरलेली लाइन ठीक असावी. मग गवंड्याने नहाणी ट्रॅपच्या तोंडात जुन्या कापडाचा बोळा घट्ट बसवला, दाराच्या उंबऱ्याशी सिमेंटची छोटी बांधणी केली आणि फरशीवर दोन इंच पाणी साठवलं. पातळी कुठे आहे ते भिंतीच्या टाइलवर खुणेने दाखवलं. ह्या पाण्याला किमान २४ तास, जमलं तर ४८, हात लावायचा नाही. काकूंच्या घरी दुसरं न्हाणीघर आहे म्हणून हे जमलं. नसतं तर त्यांना मी आमच्याकडे आंघोळीला बोलावलं असतं, तेही ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाणी खुणेच्या खाली गेलेलं होतं आणि आमच्या छतावरची पेन्सिलीची कड ओलांडली गेली होती. काकूंनी स्वतः खाली येऊन ती कड पाहिली. त्यानंतर वादाचा प्रश्नच उरला नाही.

न्हाणीघराखालचा स्लॅब जुन्या इमारतींत बाकी घरापेक्षा खोल असतो. त्या खोलगटीत पाइप टाकतात, वर विटांचे तुकडे आणि सिमेंटचा कोबा भरतात, त्यावर लाद्या. लाद्यांच्या सांध्यातलं साधं सिमेंट काही वर्षांनी आकसतं, झिजतं. पाणी खाली उतरतं आणि कोबा ते धरून ठेवतो. म्हणून वापर थांबवल्यावरही खाली आठवडाभर ओल राहू शकते, आणि दुरुस्ती झाल्यावर लगेच डाग गेला नाही म्हणून गवंड्याला दोष देणं चूक. कोबा सुकायला वेळ द्यावा लागतो.

सगळ्या लाद्या फोडण्याआधी स्वस्तातला उपाय करून पाहावा, ह्या मताची मी आहे. सांध्यातलं जुनं सिमेंट खरवडून इपॉक्सी ग्राउट, म्हणजे पाणी न शोषणारं फटी भरायचं मिश्रण, भरायचं, नहाणी ट्रॅपभोवतीची जागा उकरून नीट बुजवायची, पाइप भिंतीत शिरतो तिथली फट बंद करायची. पुष्कळदा एवढ्याने भागतं. काकूंकडे भागलं नाही, ट्रॅपचा सांधाच खालून निसटला होता. मग फोडणं आलं. फोडायचंच तर अर्धवट फोडू नये. कोबा काढून स्लॅबपर्यंत जायचं, भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यांना मसाल्याने गोलाई द्यायची, वॉटरप्रूफ लेप जमिनीवर आणि भिंतींवर किमान फूटभर वर चढवायचा, आणि लाद्या बसवण्याआधी पुन्हा पाणी साठवून पाहायचं. ही शेवटची पायरी घाईत गाळतात. मी काकूंच्या वतीने त्या दिवशी तिथे बसून राहिले होते, आणि पाणी उतरलं नाही हे पाहिल्यावरच पहिली लादी बसली.

खर्च कुणाचा, यावर सोसायट्यांत भांडणं होतात, खरं तर होऊ नयेत. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायटीच्या नमुना नियमावलीत, हे बऱ्यापैकी स्पष्ट आहे. संडास, न्हाणी, सिंक अशा घरातल्या जागांमधून होणारी गळती त्या सभासदाने दुरुस्त करायची. गच्ची, बाहेरच्या भिंती, पावसाचं पाणी, सामाईक पाइप यांतून होणारी गळती संस्थेने. नव्या इमारतीत राहणाऱ्यांनी रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदाही लक्षात ठेवावा. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. तक्रार लेखी द्या, फोटो लावून. तोंडी सांगितलेलं पुढे सिद्ध करता येत नाही.

बाहेरच्या भिंतीचं दुखणं निराळं. तिथे पाणी येतं ते बहुधा चिरांमधून. विटांची भिंत आणि सिमेंटची तुळई जिथे भेटतात तिथे चीर पडतेच, कारण उन्हात दोघी वेगवेगळ्या फुगतात. छज्जाच्या मुळाशी, एसीसाठी पाडलेल्या भोकाशी, केबलवाल्याने ठोकलेल्या खिळ्याशी पाणी शिरतं. पाइपाच्या सांध्यात पिंपळाचं रोपटं उगवलं असेल तर ते नुसतं छाटून उपयोग नाही, मुळासकट काढून ती जागा भरावी लागते. गिलाव्यावर हातोडीच्या दांड्याने हलकेच वाजवत गेलं की जिथे गिलावा सुटलाय तिथे आवाज पोकळ येतो. हे काम परांचीवर चढून माणसाने हाताने करायचं आहे, गच्चीवरून डोकावून नव्हे.

आणि तपकिरी रेघा किंवा सळई दिसू लागली असेल, छताचे टवके पडत असतील, तर गवंड्याला बोलावू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. लोखंड गंजलं की त्याचं आकारमान कित्येक पटींनी वाढतं आणि ते आतून काँक्रीट फोडतं. त्यावर गिलावा लावणं म्हणजे धोका झाकणं. १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतींचं दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्यांचं दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हावं असं उपविधी सांगतात. किती सोसायट्या ते वेळेवर करतात, हे ज्याने त्याने आपल्या वार्षिक सभेत विचारावं.

आईला ह्या सगळ्याचं आश्चर्य वाटतं. तिचं आयुष्य राजापूरजवळच्या कौलारू घरात गेलं. तिथे रोहिणी लागल्या की घर शाकारायचं. कौलं उतरवून झाडायची, फुटकी बदलायची, नळे परतायचे, पडवीला झावळ्यांच्या झडी बांधायच्या. मृगाच्या आत हे उरकलं पाहिजे, हे गावातल्या प्रत्येक घराला ठाऊक. गळायला लागलं म्हणून कुणी शाकारत नसे, गळू नये म्हणून शाकारत. "इथे तुम्ही पाणी डोक्यावर पडल्यावर मीटिंग घेता," असं ती म्हणते, आणि तिच्या म्हणण्यातलं सत्य मला बोचतं. फ्लॅटला कौलं नसली तरी मे महिन्यात पाहण्यासारखं पुष्कळ असतं.

उदाहरणार्थ, सरकत्या खिडक्यांची खालची पट्टी. तिच्यात बाहेरच्या बाजूला बारीक भोकं असतात, पट्टीत साचलेलं पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून. त्यात धूळ आणि कबुतरांची पिसं अडकतात. कधीकधी रंगारी नीटनेटकं दिसावं म्हणून सिलिकॉनने ती बुजवूनही टाकतो. मग वाऱ्यासकट सर आली की पाणी पट्टीत चढतं आणि आतल्या भिंतीवर उतरतं. खिडकीखालची ओल म्हणून ज्याच्यावर हजारो रुपये खर्च होतात, ती कित्येकदा ही एवढीच असते. मे महिन्यात जुना टूथब्रश आणि बारीक तार घेऊन ही भोकं मोकळी करणं हे मी आता आईच्या शाकारणीच्या जागी धरते.

खिडकीशी आले आहे तर आवाजाकडे वळते, कारण आवाजही इथूनच येतो.

आईची झोप सावध. गोखले रोडवरची वाहतूक रात्री उशिरापर्यंत थांबत नाही, आणि पुढे स्टेशनाकडून गाड्यांचे भोंगे येतात. ध्वनिप्रदूषणाचे आपले नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९च्या मार्गदर्शिकेत झोपायच्या खोलीत आत ३० डेसिबल असावेत असं म्हटलं होतं. मोबाईलवरचं अ‍ॅप काही प्रमाणित उपकरण नव्हे, पण आमच्या खिडकीत ते रात्री दहानंतरही सत्तरीच्या आसपास घुटमळायचं. आई तक्रार करत नसे. सकाळी तिचे डोळे सांगायचे.

अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो भिंतीला फोम लावायचा. काळे, टोकदार, रेकॉर्डिंग स्टुडिओत दिसतात तसले चौकोन ऑनलाइन ढिगाने मिळतात. कुणी अंड्यांचे पुठ्ठेही सुचवतं. ह्यांनी बाहेरचा आवाज थांबत नाही, हे मला ठणकावून सांगायचं आहे, कारण माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांचा पैसा त्यात गेला. फोम खोलीतल्या खोलीत घुमणारा आवाज शोषतो. १८९५च्या सुमाराला हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सेबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाला एका व्याख्यानगृहातला घुमारा कमी करायला सांगितलं गेलं. रात्री रस्ते शांत झाल्यावर तो जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या उशा आणून त्या सभागृहात ठेवायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा. त्यातून खोलीच्या घुमण्याचं गणित उभं राहिलं. पण ते गणित आतल्या आवाजाचं. बाहेरचा आवाज अडवायला दोनच गोष्टी लागतात, वजन आणि हवाबंदपणा. फोमला वजन नाही, आणि त्यातून फुंकर आरपार जाते.

दुसऱ्या गोष्टीचं, म्हणजे हवाबंदपणाचं, गणित मी वर्गात फळ्यावर मांडते, कारण ते ऐकून मुलं चकित होतात. समजा भिंत ४० डेसिबल अडवते, म्हणजे आवाजाच्या ऊर्जेचा दहा हजारावा भाग आत येऊ देते. त्या भिंतीत एक टक्का जागा उघडी राहिली तर त्या फटीतून शंभरावा भाग आत येतो. म्हणजे सगळी मिळून भिंत उरली २० डेसिबलची. आता आमची खिडकी घ्या. ६ फूट रुंद, ४ फूट उंच, कडेची लांबी २० फूट. कडेने सगळीकडे सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, फट असेल तर ती होते ३० चौरस इंच. खिडकीच्या क्षेत्रफळाच्या जवळपास एक टक्का. काच कितीही जाड बसवा, ही फट राहिली तर फायदा नाही. रस्त्यावर ७० असतील तर आत पन्नाशी गाठणारच.

फट शोधायला मी उदबत्ती वापरते. पंखा बंद, दारं बंद, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन सुरू, म्हणजे घर बाहेरची हवा आत ओढू लागतं. मग पेटवलेली उदबत्ती खिडकीच्या कडेने सावकाश फिरवायची. धुराची रेघ सरळ वर जात असते, आणि फटीशी आली की एकदम आडवी होऊन खोलीत वळते. आमच्याकडे ती चार जागी वळली. दोन सरकत्या दारांच्या मधल्या सांध्याशी सर्वांत जोरात, तिथल्या ब्रशच्या पट्टीचे केस पार झिजले होते. खालच्या पट्टीच्या दोन्ही टोकांना. आणि चौकट व भिंत यांच्यामध्ये, पडद्याआड, जिथे सिलिकॉन कधीच सुटून गेलं होतं. ब्रशच्या पट्ट्या काही रुपये फुटाने मिळतात. त्या बदलल्या, चौकटीभोवती नवं सिलिकॉन भरलं, आणि फक्त तेवढ्याने हॉर्नची धार गेली.

पाण्याची ती भोकं मात्र बुजवायची नाहीत. तिथे पाऊस आणि आवाज यांचं हित आडवं येतं, आणि ठाण्यात राहणाऱ्याने पावसाच्या बाजूने उभं राहावं.

पुढची पायरी आईच्या खोलीपुरती केली. सरकती खिडकी निसर्गतःच गळकी, कारण सरकण्यासाठी तिला सैल राहावं लागतं. दारासारखी उघडणारी, रबरी गॅस्केटवर दाबून बंद होणारी खिडकी आवाजाला फार सरस. काच लॅमिनेटेड घेतली, म्हणजे दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर असलेली. तो थर काचेची थरथर मारतो. बजेट नसेल, किंवा सोसायटी बाहेरचं रूप बदलू देत नसेल, तर जुनी खिडकी तशीच ठेवून आतल्या बाजूला चार इंचांवर दुसरी खिडकी बसवता येते, ती पुष्कळदा जास्त चांगलं काम करते. दुहेरी काच म्हणून विकतात त्यात मधली जागा फार कमी असते, तिचा भर उष्णता अडवण्यावर असतो. हा फरक दुकानदाराला विचारून घ्यावा.

अख्खं घर असं बंद करू नये, असं माझं ठाम मत आहे. आपल्या हवेत खिडकी ही श्वासाची जागा आहे. एक खोली शांत असावी, तीत आजारी, म्हातारं, अभ्यास करणारं किंवा रात्रपाळीहून आलेलं माणूस झोपू शकावं. बाकीच्या खोल्यांत वारा यावा, आणि भाजीवाल्याची हाकही यावी.

शेजारच्या घरातला टीव्ही ऐकू येत असेल तर भिंतीला काही लावण्याआधी स्विचबोर्ड पाहा. दोन्ही घरांचे बोर्ड पुष्कळदा भिंतीत पाठीला पाठ लावून बसवलेले असतात, आणि तिथे विटेऐवजी नुसती पोकळी असते. तेवढं मसाल्याने बुजवलं तरी (वायरमनकडून, वीज बंद करून) फरक पडतो. नव्या इमारतींत हलक्या ब्लॉकच्या भिंती असतात. एका घनमीटरला विटेच्या निम्म्याहून कमी वजन, म्हणून आवाजही जास्त पाझरतो. त्यावर उपाय म्हणजे जुन्या भिंतीला न चिकटणारी दुसरी जिप्समची भिंत, मध्ये रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली लोकर. खोलीचे तीन-चार इंच जातात. दहा बाय दहाच्या खोलीत ते परवडतात का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

छतावरून येणारा आवाज सर्वांत हट्टी. पाच इंची स्लॅबचं वजन एका चौरस मीटरला ३०० किलोच्या घरात असतं. त्यामुळे वरच्यांचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही. पण खुर्ची ओढली, खलबत्ता घातला, की घाव थेट काँक्रीटवर बसतो आणि काँक्रीट तो भिंतींपर्यंत पोचवतं. खालून पीओपीचं छत केलं तरी आवाज भिंतींमधून उतरतोच. ह्याचा उपाय वरच्या घरात, जिथे घाव बसतो तिथे, आणि तो शंभर पटींनी स्वस्त असतो.

न्हाणीघराच्या कामानंतर काकूंशी माझं बोलणं मोकळं झालं होतं. एका रविवारी मी त्यांना खाली चहाला बोलावलं आणि म्हटलं, "काकू, जरा दहा मिनिटं आईच्या खोलीत बसता?" वर त्यांच्या नातवाला त्यांनीच फोन करून जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढायला सांगितली. मग खलबत्त्यात दोन-चार घाव. काकूंनी कप खाली ठेवला. "अगंबाई! एवढं ऐकू येतं? आणि तू इतकी वर्षं बोलली नाहीस?" पंधरवड्यात त्यांच्या सगळ्या खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या आल्या, मिक्सरखाली जाड रबर आलं, आणि खलबत्त्याखाली त्यांनी जुन्या गोधडीचा तुकडा चौपदरी शिवून घातला. तो रबरापेक्षा सरस निघाला. नातू हॉलमध्ये उड्या मारतो तिथे आता सतरंजीखाली फोमची चटई आहे. फोमची खरी जागा ही, पायाखालची.

पहाटेच्या पंपाचंही असंच निघालं. मोटार थेट काँक्रीटच्या ओट्यावर बोल्टने आवळलेली, आणि वर जाणारा पाइप प्रत्येक मजल्यावर भिंतीला लोखंडी क्लॅम्पने धरलेला. मोटारीची थरथर तीन मजले चढत होती. ओट्याखाली रबरी पॅड, मोटार आणि पाइप यांच्यामध्ये लवचीक जोड, क्लॅम्पमध्ये रबराची पट्टी. एवढं सोसायटीने केलं तेव्हा पहिल्या मजल्यावरचे आजोबा मुद्दाम सांगायला आले, पंप बिघडलाय का म्हणून.

गाड्यांचे भोंगे मात्र थांबलेले नाहीत. जाड, खर्जातला आवाज अडवायला फार वजन लागतं, तेवढं आमच्या खिडकीत नाही. आई म्हणते त्याची तिला सवय झाली आहे, आणि ते मी खरं मानते, कारण ती आता पाचपर्यंत झोपते.

ह्या वर्षीच्या वार्षिक सभेत बाहेरच्या गिलाव्याचं काम मंजूर झालं. भिंती पावसाळ्यानंतर नीट सुकल्या पाहिजेत, म्हणून परांची दिवाळीनंतर चढेल. कंत्राटाच्या मसुद्यात मी काही ओळी लिहून दिल्या आहेत. वीट आणि तुळईच्या सांध्यावर जाळी ठोकूनच गिलावा करावा. प्रत्येक छज्जाच्या खालच्या कडेला खाच ठेवावी, म्हणजे पाणी भिंतीकडे न वळता तिथूनच खाली पडेल. केबलच्या आणि एसीच्या भोकांना बाहेरच्या बाजूला उतार द्यावा. आणि कुणाच्याही खिडकीच्या पट्टीतली भोकं रंगाने किंवा सिलिकॉनने बुजवू नयेत. शेवटची ओळ सेक्रेटरींना विचित्र वाटली, म्हणून त्यांना मी आमच्या खिडकीशी नेलं, पट्टीत तांब्याभर पाणी ओतलं आणि ते बाहेर कुठून पडतं ते दाखवलं. ओळ मसुद्यात राहिली.